त्रेसष्ट ओळींची यादी

मी माणसांवर सहसा विश्वास ठेवत नाही. भाजीवाल्याचा काटा, रिक्षावाल्याकडे नसलेले सुट्टे, शेजारणीची डोकेदुखी, सगळ्यात मला काहीतरी काळंबेरं दिसतं. घरचे मला फौजदार म्हणतात. मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा वाटलं, स्वभावाला साजेशी जागा मिळाली. कॉम्प्युटर तरी थापा मारत नाही.

माण तालुक्यातल्या एका गावात आमचं मोतीबिंदूचं शिबिर झालं. बाहेरच्या टेबलावर मी आलेल्यांची नावं एका फायलीत लिहिली. आतल्या खोलीत तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या लॅपटॉपवर फक्त कुठला डोळा करायचा तेवढंच लिहिलं, नंबराने येईल तसं, एका ओळीत एकाचा. डावा किंवा उजवा. मिरजेला परतल्यावर मी पेस्ट नावाची कमांड दिली. ती एका फायलीची पहिली ओळ घेते, तिच्या शेजारी दुसरीची पहिली ओळ ठेवते आणि तशीच खाली खाली जाते. त्याआधी मी दोन्हीकडच्या ओळीही मोजून घेतल्या, फौजदारच ना मी. इकडे त्रेसष्ट, तिकडे त्रेसष्ट. मग निर्धास्तपणे यादी छापली.

ऑपरेशनच्या सकाळी मी यादी वाचत होते आणि सिस्टर जो डोळा करायचा त्याच्या वर, कपाळाला खुणेची चिकटपट्टी लावत होत्या. एका मेंढपाळ आजोबांची पाळी आली. मी "उजवा" म्हटलं आणि त्यांनी सिस्टरांचा हात मागे सारला.

"आवं बाई, उजव्यानं तर म्या मेंढरं राखतूय. गेलाय त्यो डावा."

मला लगेच संशय आला. भावाच्या नावावर दुसराच भाऊ येऊन बसलेला मी पाहिलाय. आधार कार्ड मागितलं. फोटो त्यांचाच निघाला. तरी माझं समाधान होईना. उजवा डोळा झाकायला लावून मी दोन बोटं धरली.

"काय बी दिसत न्हाई," ते म्हणाले.

असं तर कुणीही म्हणेल. म्हातारा घाबरलाय आणि टाळाटाळ करतोय, अशी माझी खात्रीच झाली. डॉक्टर आत पुन्हा बघतातच, त्यांना विचारू, असं सिस्टर म्हणत होत्या. पण मी हट्टाला पेटले होते.

"यादी चुकणार नाही आजोबा. मी स्वतः मोजलीय. दोन्हीकडे त्रेसष्ट."

आजोबा हसले. "मोजून काय हुतंय? सांजच्याला मेंढरं बरूबर भरत्यात, आन आपलं एक दुसऱ्याच्या कळपात आसतंय, त्याचं एक आपल्यात. त्वांडं बघावी लागत्यात, बाई."

मी चिडून पुन्हा यादीत डोकं घातलं. त्यांच्या वरच्याच ओळीत त्यांच्याच आडनावाची एक बाई होती. पुढे लिहिलं होतं, डावा.

"या कोण?"

"माजी भावजय. तिचा नंबर म्या लावून ठिवला हुता. पान्याच्या टँकरवर गेली, ती तपासाया आलीच न्हाई."

जिला कुणी तपासलंच नव्हतं तिच्यापुढे 'डावा' होता. तो आजोबांचा डोळा होता. तिथून खाली प्रत्येकाला रांगेत त्याच्या मागे असलेल्या माणसाचा डोळा मिळाला होता. तपासणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा बाकीचं कळलं. आईला न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी, नाव न नोंदवताच, शेवटी आपलाही डोळा दाखवून घेतला होता. एक कमी, एक जास्त, म्हणून त्रेसष्ट.

लावलेल्या सगळ्या पट्ट्या सिस्टरांनी काढल्या आणि सगळ्यांना पुन्हा तपासायला पाठवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर मी आजोबांच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. सिस्टरांनी मुद्दाम बोलावलं म्हणून गेले. आजोबा उजवा डोळा तळहाताने झाकून बसले होते. मी लांबूनच दोन बोटं धरली.

"किती आहेत, आजोबा?"

"बोटं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "जरा हिकडं या. तुमचं त्वांड बघू द्या."