पिंजऱ्यातली कुस्ती आणि माझी आई

मंडळी, आज दुपारी तिरोड्याला आईकडे बसून राहिलो होतो. मोबाईलवर आमच्या लहानपणीचा तो पिंजऱ्यातल्या कुस्तीचा मोठा शो सापडला, तर टीव्हीला जोडला.

पिंजऱ्याला कुलूप लागलं. दाढीवाल्या धिप्पाड पहिलवानानं समोरच्याचं तोंड जाळीवर घासलं, लोखंडी खुर्चीनं पाठ सोलून काढली. त्याच्या कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरलं. मग मार खाणारा कसाबसा उठला, तीच खुर्ची हिसकली आणि दाढीवाल्याच्या तोंडावर हाणली.

"हाण अजून. सोडू नको त्याले." आई ओरडली. हातातलं तांदूळ पाखडायचं सूप थांबलं होतं.

लहानपणीही हेच. बाबा बाहेरगावी असले की गल्लीतल्या बाया आमच्याकडे कुस्ती पाहायला जमायच्या, आणि सर्वात जोरात आई ओरडायची. आम्ही भावंडं तिला पहिलवानीण म्हणून चिडवायचो.

मी हसत म्हटलं, "आई, काऊन एवढी तापून राहिली? हे सगळं नाटक असते. मार आधीच ठरलेला असते."

"मालूम हाय मले. तवाबी मालूम होतं." ती पुन्हा पाखडायला लागली. "पण त्या दाढीवाल्याच्या जागी मले तुझा बाप दिसे."

पडद्यावर पिंजऱ्याचं दार उघडलं. बाबा आईला खोलीत ओढून आतून कडी लावायचे आणि आम्ही ओसरीवर गप बसायचो, ते आठवलं.

तुमच्या घरी कुस्ती पाहताना सर्वात जोरात कोण ओरडायचं? कधी विचारलं का, कोणाला पाहून?