साहेबांच्या बॅगेतली साठ डिग्रीची वेज

मंडळी, आज डोकं फिरलंय. आत्ताच पुण्याहून गोल्फ खेळून कारेगावला आलोय आणि बूटही न काढता लिहितोय.

न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. खड्ड्यावरच्या झेंड्याच्या जवळ आलं की चेंडू उंच उचलून अलगद टाकायला जी स्टिक लागते, तिला वेज म्हणतात. डिग्री जितकी जास्त, तितका चेंडू उंच आणि फटका अवघड.

आमच्या प्लँट हेड साहेबांच्या बॅगेत साठ डिग्रीची चकचकीत वेज दिसली. झालं! मी आणि स्टोअरमधला शिंदे, दोघांनीही तसलीच विकत घेतली. कंपनीत साधा बोल्ट बदलायचा तरी आम्ही आधी ट्रायल घेतो. हिची ट्रायल कोणी घेतली? कोणीच नाही.

आज साहेबांसमोर माझा पहिला फटका मातीत रुतला. दुसरा चेंडूच्या डोक्यावर बसला आणि चेंडू पार पलीकडच्या झुडपात गेला. शिंदेची तीच गत. "आरं, ही काठी हाय का शिक्षा?" तो दात खात म्हणाला.

मग साहेबांनी बावन्न डिग्रीची जुनी, घासलेली वेज काढली आणि चेंडू झेंड्यापाशी नेऊन ठेवला.

मी न राहवून विचारलं, "सर, साठ डिग्रीची का नाही काढली?"

"ती? मला कधी जमलीच नाही हो. म्हणून तर अजून नवीकोरी दिसते."

निघताना आम्ही दोघांनी आपापली वेज गाडीच्या डिकीत पार तळाशी ढकलली.

खरं सांगा, साहेबांचं बघून घेतलेलं तुमच्याकडं काय काय पडून आहे?