अर्धं पोट

मावशी म्हणजे कुणी म्हातारी नव्हे, चांगली पस्तिशीची बाई. पण दवाखान्यात चादरी बदलणारी सगळ्यांची मावशीच होते. दवाखाना कातडीचा, म्हणजे खरं तर रूपाचा. मांड्यांवरचे चरबीचे खळगे आणि बाळंतपणाने पोटावर पडणारे वळ, स्ट्रेच मार्क म्हणतात ते, यांवर डॉक्टर मॅडम बारीक सुईने कातडीखाली गॅस सोडायच्या. कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच. कातडी टम्म फुगायची आणि बोट ठेवलं की चुरचुरायची.

मावशीचं बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं. त्यानंतर नवरा जो गेला, तो परत फिरकला नाही. राहिले ते पोटावरचे वळ. आंघोळीला बसली की ते दिसायचे आणि ती नजर वळवून भराभर पाणी ओतायची. "एवढं घालवा हो," ती मॅडमना म्हणाली. मॅडमनी फुकटात केलं, पण उजवं अर्धंच. डावं तसंच ठेवलं, आलेल्यांना फरक दाखवायला.

आता या धोरणीपणाला काय म्हणावं! रोज हाक यायची, "मावशी, जरा दाखवा." ही हातातलं टाकून कुडता वर करायची. बायका डावीकडे बघून हळहळायच्या, उजवीकडे बघून हरखायच्या. डाव्या बाजूचं विचारलं की मॅडमचं ठरलेलं उत्तर, "बघू पुढच्या महिन्यात." अशी वर्षं गेली.

मग भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो लागले आणि मावशीच्या पोटाची गरज संपली. मॅडमनी डावी बाजूही केली. वळ पार जात नाहीत, पण शोधावे लागतील इतके फिके पडले. खोटं कशाला बोला, मावशीला हायसं वाटलं.

त्यानंतर एक बाळंतीण आली. टेबलावर आडवी होऊन भीतीने बडबडत सुटली. "खरंच काही फरक पडतो का हो?" मावशीने सवयीने कुडता वर केला.

बाई निरखून म्हणाली, "तुम्हाला कुठे काय आहे? मूलबाळ नाही वाटतं तुम्हाला."

मावशीने सांगायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? बाळाला नाव ठेवलं नव्हतं, फोटो काढला नव्हता. त्याला बघितलेलं माणूस जवळ उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

मॅडम सुई घेऊन आल्या. मावशीने बाईचा हात धरला.

"अहो, तुम्हीच किती घट्ट धरलाय," बाई हसून म्हणाली. "सुई मला टोचायचीय."