उजव्या कानातली गंगम्मा

नांदेडचा अबुजर चष्म्याच्या काचा पोचवायला आठवड्यातून दोनदा एसटीनं लातूरला जातो. वाटेत लोकांचे नवे अल्बम ऐकतो आणि ‘उतरलो बाबा’ या आपल्या वेबसाइटवर त्यांची खबर घेतो. तारेबिरे देत नाही. ज्या गावाला ऐकणं बंद केलं, ते गाव लिहितो. बरे अल्बम लोहा ओलांडून अर्ध्या वाटेवरचं अहमदपूर गाठतात. एका भक्तिगीतवाल्याला त्यानं नांदेडच्या स्टँडातच उतरवलं होतं.

ऐकायची रीत ठरलेली. इअरफोन फक्त डाव्या कानात, उजवा मोकळा. कंडक्टरची हाक हुकू नये, शेजारच्यानं काही विचारलं तर बोलता यावं. नऊ वर्षं असंच.

यंदा चाकूरच्या चांगुणाबाईंचा खुरपणीच्या गाण्यांचा अल्बम आला. त्यानं लिहिलं, ‘बाई एक ओळ म्हणतात आणि पाणी प्यायला जातात. येतात, दुसरी म्हणतात, पुन्हा तहान. मी लोह्याला उतरलो.’ एवढं त्याचं काहीच कधी फिरलं नव्हतं. चाकूरलाही पोचलं.

चौथ्या दिवशी फोन आला.

“तूच का रे बाबा, लोह्याला उतरणारा?”

“हाव मावशी.”

“मी पाणी प्यायला न्हाई गेले. मधी गंगम्मा गाती. खुरपताना ह्या पातीवरनं मी सवाल करते, पल्याडच्या पातीवरनं ती जबाब देती. अल्बम करताना नातीनं मला डाव्या कानात घातलं, तिला उजव्या. तुझं वाचून तिला वाटायलंय, मीच तिला काढून टाकलं. चाळीस साल संगं खुरपलं, आता दारात बी येईना.”

सालेहा, त्याची बायको, ऐकत होती. म्हणाली, “अल्लानं दोन कान दिले, अन् तुम्ही एकावरच दुकान चालवून राहिले!”

तो हसला नाही. लिहिलेलं गुपचूप काढून टाकता आलं असतं, पण त्यानं गंगम्मा काही दारात येणार नव्हती. आणि चूक कबूल केली, तर नऊ वर्षांत अर्धंच ऐकून कुणाकुणाला खाली उतरवलं, हे लोक विचारणारच. आता तर तो स्वतःलाच विचारून राहिला होता.

त्यानं ठरवलं, चाकूरला उतरायचं, गंगम्माला समोर बसून सांगायचं. गाडीत त्यानं दोन्ही कानांत इअरफोन घातले. चांगुणाबाईंनी सवाल केला. उजवीकडून जबाब आला, खरखरीत, जरा उशिरानं, लांबच्या पातीवरनं यावा तसा. पुढचा सवाल त्यावर चढून आला. अबुजरनं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा लातूरचा स्टँड.

तिथंच बाकावर बसून त्यानं लिहिलं, ‘चूक माझी. उजव्या कानात गंगम्मा आहे, आणि मी तो कान उघडाच ठेवला होता. आज उतरायचं चाकूरला होतं. कंडक्टरची हाक ऐकूच आली नाही. लातूर.’

मग चांगुणाबाईंना फोन लावला. त्यांनी तो चालूच ठेवून गंगम्माचं घर गाठलं आणि नातीकडून सगळं मोठ्यानं वाचून घेतलं.

मग फोनवर तोच खरखरीत आवाज आला, “मग आता?”

“परतीच्या गाडीनं येतो, मावशी.”

“उतरशील का पण? का जाशील तसाच नांदेडला?”