परखीतला माल

जुन्या जालन्यात धान्याच्या एका आडतीवर मी पोती वाहिली. सर्जेराव तिथं माल पाहायचा. पोत्यात परखी खुपसायची, तिच्या नळीतून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, खडा, काडी, किडका दाणा विकणाऱ्यासमोर धरायचा. चांगले दाणे मुकाट्यानं परत पोत्यात. तारीफ केली की भाव चढतो, म्हणून त्यावर बोलायचंच नाही. या कामात त्यानं कधी हयगय केली नाही.

त्याचा मुलगा सूरज जाफराबादच्या एसटीवर कंडक्टर. गोष्टी लिहायचा. सुटीला बापाला वाचून दाखवायचा, मीही बसलेला असायचो. सर्जेराव शेवटपर्यंत ऐकायचा आणि चूक दाखवायचा: या महिन्यात तूर फुलत नाही, म्हातारी दोनदा उठते पण एकदाच बसते. चूक खरी असायची. बाकीच्यावर एक शब्द नाही. पुढं सूरजनं वाचणं सोडलं. सर्जेरावला वाटलं, ड्यूटी वाढली असेल.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सून आकांक्षा ओट्यावर पेपर तपासत होती. कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिच्या तोंडून 'क्रिटिक' ऐकून सर्जेरावनं अर्थ विचारला. ती म्हणाली, लेखन उलगडून पारखतो तो. आपण समीक्षक म्हणतो. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ वेगळं करणं, निवाडा करणं. त्याही मागं चाळण्याचा अर्थ आहे. लॅटिनमधला चाळणीचा शब्द त्याच मुळातून आला.

"म्हंजी माझंच काम की," सर्जेराव हसला. "कचरा काढायचा."

"नाही मामा. दोन्ही वेगळं करायचं. चांगलं कोणतं, तेही सांगावं लागतं."

संध्याकाळी सूरज आला तेव्हा सर्जेराव दारातच म्हणाला, "तुझ्या त्या गोष्टीतली, शेजारच्या सीटवर पिशवी ठिऊन मेलेल्या नवऱ्याची जागा धरणारी म्हातारी. लई बराबर उतरली होती. वाच ना एकदा."

"कागद रद्दीत गेले, अण्णा."

"मंग नवं लिही."

"आता सुचत न्हाई."

मग सर्जेराव स्वतःच ती गोष्ट सांगू लागला. म्हातारी चढते कुठं, खाकी पिशवी कशी ठेवते, तिकिटं दोन का मागते, कंडक्टर काय म्हणतो, सगळं त्याला याद होतं. त्यानं इतकं मन लावून ऐकलं होतं, हे मला तरी तोवर कळलं नव्हतं. सूरज बॅग खांद्यावर ठेवूनच उभा होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"पिशवी खाकी नव्हती, अण्णा. निळी होती," एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.