पाऊण तासाचं विमान

थोरला भाऊ सरकारी नोकरीत निकोबारच्या एका बेटावर होता. आमच्या दिघोरीतून विमानात बसणारा तो पहिलाच, म्हणून निघताना त्याचा सत्कार झाला. सरपंचांचं भाषण ऐकून विमान तेच चालवत नेणार आहेत असं वाटत होतं. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट.

दोन वर्षांनी बाबांनी अंथरूण धरलं. फार तर आठवडा, असं डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगून गेले. मी लाखांदूरला जाऊन भावाला तार केली.

बाबा निवृत्त गुरुजी. जन्मभर त्यांनी मुलांना काळ, काम, वेगाची गणितं घातली. त्यांनी शाळेचा जुना नकाशा उशाशी मागवला आणि दोरा धरून दोन बेटांमधलं अंतर मोजलं. तिथल्या छोट्या विमानतळावरून पोर्ट ब्लेअरच्या विमानतळापर्यंत पाऊण तास. मग कलकत्ता, भंडारा रोडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. उत्तर आलं, मंगळवार दुपार. विचारपूस करायला येणारा जो तो विचारायचा, "मोठा कधी येऊन राहिला, गुरुजी?" बाबा दोरा उचलून दाखवायचे.

भावाच्या मागच्या पत्रात एक ओळ होती: इथलं विमान आठवड्यातून एकदा येतं, तेही आभाळ मोकळं असलं तर. बाबांना बारीक अक्षर दिसायचं नाही, पत्रं मीच वाचून दाखवायचो. ती ओळ मी गाळली होती. तेव्हा ती महत्त्वाची वाटली नव्हती. आता सांगण्याची हिंमत नव्हती. पाटीवरच्या गणितात गाडी सुटायची वाट कोणीच पाहत नाही.

शेवटचं पाणी थोरल्याच्या हातचं, हा आमच्याकडचा रिवाज. मंगळवार गेला. बुधवारी बाबांची शुद्ध हरपत चालली. मी चमचा पुढे केला की ते ओठ मिटून घ्यायचे. आईने दोनदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. वीस वर्षं मी त्या घरात राहून त्यांचं सगळं केलं होतं. पण ते इथे मोजायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी डोळे किलकिले केले. माझ्याकडे पाहून थोरल्याचं घरचं नाव घेतलं.

"किती वेळ लागला, बाबू? बेटावरून बेटावर?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"पाऊण तास, बाबा," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले आणि तोंड उघडलं.

भाऊ पुढच्या मंगळवारी आला. आठवडाभर तो विमानतळावरच्या बाकावर पावसाकडे पाहत बसून होता. बाबांना पाणी कोणी दिलं, हे त्याने विचारलं. आईने माझं नाव सांगितलं. बाकीचं ती बोलली नाही. तो बराच वेळ नकाशावरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, बाबांचा हिशेब चुकला नव्हता. विमान उडाल्यावर पाऊण तासच लागला.