वनाभाऊची सोळावी मात्रा

चोपडा गावात गेल्या बावीस वर्षांत जी पोरं संगीताच्या परीक्षेत पास झाली, त्यांतल्या फारशा कुणाला संगीत येत नाही. ज्या आयांना हे वाचून राग येईल त्यांनी आपल्या लेकराला समोर बसवावं, मांडीवर थापा द्यायला लावाव्यात आणि सोळा मोजाव्यात. अकराव्या थापेला लेकरू पंख्याकडे बघू लागेल. तरीही ही सगळी मंडळी पहिल्या वर्गात पास झाली, दहावीच्या निकालात संगीताचे वाढीव गुण खिशात घालून पुढे गेली, आणि त्यांचे फोटो भूपेंद्र सरांच्या संगीत वर्गाच्या भिंतीवर लागले.

भिंतीवर ज्याचा फोटो नाही तो वना.

वना कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला. कापसाच्या हंगामात संध्याकाळी घरी परततो तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं. आंघोळ केली की पुन्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. छातीत गेलेला कापूस मात्र आंघोळीने निघत नाही, तो खोकल्यातून हप्त्याहप्त्याने बाहेर पडतो. गल्लीतल्या भजनी मंडळात तो तबला शिकला. भूपेंद्र सरांच्या वर्गात संध्याकाळी साथीला बसू लागला, तो बसलाच.

साथ म्हणजे वनाच्या लेखी एकच गोष्ट: सांभाळून घेणं. परीक्षेला बसलेलं पोरगं घाबरून दोन मात्रा आधीच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन आदळलं, की वनाचा तबलाही दोन मात्रा गिळून तिथे हजर. पोरगी तान विसरून छताकडे बघत राहिली, तर वना एक जादा आवर्तन असं वाजवायचा, की परीक्षकाला वाटावं, वा, मुलगी लयीचा आनंद घेते आहे! एका बहाद्दराने तर अंतरा अर्धा झाल्यावर ओळ सोडून थेट नमस्कारच केला. वनाने त्याच क्षणी अशी समाप्तीची तिहाई ठोकली की परीक्षक "बहोत खूब" म्हणाले. त्या बहाद्दराची आई बाहेर येऊन भूपेंद्र सरांच्या पाया पडली. वनाला तिने विचारलं, "तबलेवाले काका, इथे पाणी कुठे मिळतं हो?"

पोरांसाठी तो कायम तबलेवाले काका. भूपेंद्र सर हे सर. वनाला आयुष्यात दुसरं काही नको होतं, कुणीतरी एकदा आपल्याला सर म्हणावं एवढंच होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पण एकदा बँकेतल्या शिपायाने चुकून "सर, लाइनीत या" म्हटलं तेव्हा तो आनंदाने लाइनीच्या शेवटी जाऊन उभा राहिला होता.

आणि मग संधी चालत आली. गावातल्या एका खाजगी शाळेच्या गॅदरिंगला वनाने तबला वाजवला. मुख्याध्यापिका मोहिनी मॅडमना तो आवडला.

"वनाभाऊ, आम्हाला जूनपासून तासावर संगीत शिक्षक घ्यायचाय. तुम्ही का येत नाही?"

"मी?"

"फक्त एक प्रमाणपत्र हवं. तुम्ही पोरांना बसवता ना, तीच परीक्षा. जूनच्या आत कागद आणा, जागा तुमची."

वना त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आला. बायकोला, बेबाबाईला, ओट्यावरच सांगितलं.

"परीक्षा? या उमरमा?" बेबाबाई गहू निवडत म्हणाली. "पोरेस्मा बसशात का तुम्हीन?"

"मास्तरनी नोकरी शे वं."

बेबाबाईने सूप खाली ठेवलं. नवऱ्याच्या भुवईवर राहिलेला कापसाचा धागा चिमटीने काढला आणि म्हणाली, "मंग बसा."

भूपेंद्र सरांनीही मोठ्या मनाने साथ दिली. अर्ज लिहून वनासाठी थेट मधल्या, म्हणजे मध्यमा परीक्षेला बसायची परवानगी आणली आणि वर म्हणाले, "वनाभाऊ, तुमच्या परीक्षेला पेटीवर मी बसणार. मीच!"

आता तबल्याच्या परीक्षेत गाणारा नसतो. पेटीवर एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते, तिला लेहरा म्हणतात. तीनतालाची, सोळा मात्रांची ओळ. ती घड्याळासारखी फिरते आणि तबलजी तिच्या भरवशावर आपली कसरत करतो. पेटीवाल्याने फक्त सोळा मोजायचे. वर्गात प्रशील नावाचा एक चुणचुणीत विद्यार्थी होता. तो म्हणाला, "काका, लेहऱ्याचं ॲप असतं. मोबाईलवर लावा. ते चुकत नाही."

वनाने कानाला हात लावला. "सर असताना मशीन लावू? काय म्हणतील सर?"

इथेच वना मेला. कारण भूपेंद्र सरांना सोळा मोजता येत नव्हते. सरांचा आवाज गोड, बोटं चपळ, केस तर त्याहून सुंदर. पण ताल हा विषय त्यांनी बावीस वर्षांपूर्वी वनावर सोपवला होता आणि नंतर कधी परत मागितला नव्हता. वर्गात पोरं चुकायची तशी सरही चुकायचे, आणि वना दोघांनाही एकाच तबल्यात सांभाळून घ्यायचा. इतकं बेमालूम, की आपल्याला ताल येत नाही ही बातमी खुद्द सरांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. वनाला मात्र ठाऊक होतं. पण सर नसतील तेव्हाही, मनातल्या मनातसुद्धा, तो हे वाक्य पूर्ण करत नसे.

नोव्हेंबरात जळगावच्या केंद्रावर परीक्षा झाली. लेखी पेपर वनाने दोन बारा वर्षांच्या पोरींच्या मधे, गुडघे बाकाला घासत लिहिला. मागची पोरगी कुजबुजली, "काका, 'लय म्हणजे काय' दाखवा ना." वनाने पेपर जरा तिरका केला. सवय!

दुसऱ्या दिवशी तोंडी आणि वादन. सकाळी पहिला नंबर वनाचा, दुपारी सरांच्या वर्गातली एकवीस पोरं. परीक्षक बाहेरगावचे, सडपातळ, थर्मासमधून गरम पाणी पिणारे. त्यांनी हातावर टाळी देऊन बोल म्हणायला सांगितले. वनाने खडाखड म्हटले. परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. "छान. वाजवा आता."

सरांनी लेहरा धरला. पहिली पाच-सहा आवर्तनं ठीक गेली. वनाने पेशकार मांडला, मग कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, उघडला. परीक्षक मांडीवर बोटं टेकवून मोजत होते आणि चेहऱ्यावर पसंती दिसत होती. मग सरांना वाटलं, आपणही थोडं खुलावं. त्यांनी ओळीच्या शेवटी सुरांची एक गोड हरकत घेतली आणि सोळावी मात्रा त्या हरकतीत बुडाली. पंधराव्यावरच सर समेवर.

वनाने तिथे काहीच करायचं नव्हतं. आपला सोळाचा हिशेब धरून ठेवायचा होता. पेटी चुकली, हे परीक्षकाला आपोआप दिसलं असतं. पण हातांना ते कधी शिकवलंच नव्हतं. सर पंधराव्यावर आले तसे वनाचे हात कायद्याचा शेवट चावून पंधराव्यावर येऊन उभे. पुढच्या फेरीत सरांना पुन्हा हरकत सुचली, वना पुन्हा हजर. तिसऱ्यांदा सर चौदाव्यावर आले. वना तिथेही होता, हसतमुख.

परीक्षकांनी हात वर केला. "थांबा. मात्रा कोण खातंय?"

सरांनी पेटीच्या भात्याकडे पाहिलं. भात्याला भोक पडलंय की काय, अशा काळजीने पाहिलं. वर पाहिलंच नाही.

"मी विचारतोय, चूक पेटीची की तबल्याची?"

दाराबाहेर दुपारची एकवीस पोरं आणि त्यांच्या आया चपला काढून बसल्या होत्या. आत बोललेलं बाहेर सगळं ऐकू जात होतं.

"माझीच आहे साहेब," वना म्हणाला. "गडबड झाली."

"मध्यमेला बसताय आणि तीनताल सांभाळता येत नाही?" परीक्षकांनी पेन्सिल उचलली. "वय बघून सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यात लयीचं अंगच नाही. भजनाला ठीक आहे."

बाहेर आल्यावर भूपेंद्र सरांनी वनाच्या खांद्यावर हात ठेवला. "फार लावून घेऊ नका, वनाभाऊ. चहा घ्या. दुपारी पोरांना बसायचंय."

आणि वना दुपारी बसला. एकवीस पोरांना समेवर नेऊन सोडलं, एकीला तर अक्षरशः उचलून. संध्याकाळी परीक्षक शाल झटकत सरांना म्हणाले, "मुलं लयीला फार पक्की आहेत तुमची. मेहनत दिसते." सर विनयाने लाजले.

निकालात एकवीसही पास. वर्गाबाहेर फ्लेक्स लागला, शंभर टक्के. वनाचा फॉर्म बाहेरून भरलेला, त्यामुळे तो टक्क्यात धरायची गरज पडली नाही. बेबाबाईने तो फ्लेक्स शेजारणीकडून वाचून घेतला आणि घरी येऊन भाकरी थापता थापता म्हणाली, "लोकेस्ना पोरे बठ्ठा पास, आनि तुम्हीन एकलाच नापास व्हई उनात! सरले बोलता उनं नही?"

"सर चुकना नही वं," वना म्हणाला. तिने भाकरी तव्यावर आपटली. पुढे चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यानेही तिला बोलतं केलं नाही.

नापास झाल्याचं वनाने शाळेत कळवलंच नाही, आणि जूनमध्ये शाळेने संगीत शिक्षिका नेमली, वृषाली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, प्रमाणपत्र पहिल्या वर्गाचं. मुलगी मनाने चांगली, पेढे घेऊन वनाच्या घरी आली, वाकून नमस्कार केला आणि रडवेली होऊन म्हणाली, "काका, पंधरा ऑगस्टला समूहगीत आहे. तुमच्याशिवाय मला ताल कळत नाही. याल ना?"

बेबाबाई काही बोलायच्या आत वना "येईन" म्हणाला.

पंधरा ऑगस्टला चाळीस पोरं, माईक, पाहुणे. दुसऱ्या कडव्याला वृषाली मॅडमनी हात दीड मात्रा आधी खाली आणला. पोरं विस्कटली. वनाने एका थापेत सगळी गोळा केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी वृषालीला पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, मॅडम, काय शिस्त आहे तुमच्या मुलांना!

वना तबल्यावर खोळ चढवत होता, तेव्हा मोहिनी मॅडम मुद्दाम मंचाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आल्या. त्या खरंच हळहळल्या होत्या.

"वनाभाऊ, हात सुंदर आहे तुमचा. पण काय करणार, कागद लागतो. एवढी वर्षं वाजवता, एखादी परीक्षा तरी देऊन टाकायची होती."

"हो मॅडम," वना म्हणाला. "राहून गेलं."